रक्तातून हृदयाची पेशी?

प्रश्न : उसाच्या कांडीवरचा एक डोळा लावला की अख्खं बेट उभं राहतं, हे आम्ही रोज बघतो. माणसाच्या रक्तापासूनही हृदयाची पेशी करता येते म्हणे. खरं का? वडिलांच्या गुडघ्यासाठी साताऱ्यात कुणी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, ते हेच का?
– एक ऊस बागायतदार, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : पहिलं खरं. दुसरं मात्र हे नव्हे.

उसाच्या डोळ्यात वाढणाऱ्या पेशी आयत्याच असतात. रक्तातली पेशी मात्र आपल्या कामाला लागलेली. तिला उलटं, थेट गर्भातल्या अवस्थेकडे न्यावं लागतं. हे जमतं, हे जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींवर दाखवलं. त्यासाठी चारच जनुकं लागली. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं.

पुढे त्वचेऐवजी रक्त वापरता येऊ लागलं. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाला लाल थर बसतो, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि मधे पांढुरका पातळ पापुद्रा दिसतो. काम त्या पापुद्र्यातल्या पांढऱ्या पेशींचं. तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं, मग बदलायचं काय? चार जनुकं आत न्यायला बहुधा सेंदाई विषाणू वापरतात. तो पेशीच्या डीएनएत मिसळत नाही. तीनेक आठवड्यांत बशीत दाट, ठळक कडांचे पुंजके दिसू लागतात. त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी केल्या, तर त्या बशीतच धडधडतात! गंमत म्हणजे, मूळ पेशी टी-लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असेल तर जनुकांतली तिची जुनी खूण तशीच राहते.

पण अर्धवट बदललेली पेशी अंगात गेली तर गाठ होऊ शकते. जपानमध्ये २०१४ साली एका महिला रुग्णाच्या डोळ्यात तिच्याच त्वचेच्या पेशी अशा बदलून केलेला पडदा बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा शस्त्रक्रिया थांबवली. इतकी सावधगिरी लागते.

आता गुडघ्याचं. त्यात टोचतात त्या मूलपेशी (स्टेम सेल) सहसा अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या, अशा बदललेल्या नव्हेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेव्हा रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच मूलपेशींचा मान्य उपचार होता. बाकी सारं चाचणीच्या चौकटीत होतं. म्हणून इंजेक्शन चाचणी म्हणून देत असतील, तर आधी सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. चाचणी म्हणून पैसे मागितले, तर सरळ उठून या.