डार्विनला शेवटी उपरती झाली होती का?

प्रश्न : डार्विनने मृत्युशय्येवर उत्क्रांतीचा सिद्धांत मागे घेतला आणि तो देवाला शरण गेला, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. खरं आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : नाही. पण ही कथा आली कुठून, ते ऐकण्यासारखं आहे.

डार्विन १९ एप्रिल १८८२ रोजी केंट परगण्यातल्या आपल्या घरी, डाऊन हाऊसमध्ये वारला. त्यानंतर तब्बल तेहतीस वर्षांनी, १९१५ साली, अमेरिकेतल्या एका बाप्टिस्ट नियतकालिकात लेडी होप या इंग्रज धर्मप्रचारक बाईंची हकिगत छापून आली. एका दुपारी आपण डार्विनला भेटायला गेलो. तो कशिदा काढलेला जांभळा झगा घालून पलंगावर बसला होता, हातात बायबल होतं. सिद्धांताचा विषय निघताच त्याची बोटं थरथरली आणि तरुणपणीच्या कच्च्या विचारांबद्दल तो हळहळला, असं बाई सांगतात. (ते कच्चे विचार ग्रंथरूपाने छापले तेव्हा या तरुणाला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती!)

गंमत म्हणजे या हकिगतीत मृत्युशय्या नाहीच. बाईंची दुपार शरद ऋतूतली, डार्विन गेला एप्रिलात. मृत्युशय्या पुढे सांगणाऱ्यांनी पदरची घातली. अखेर १९२२ साली डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने जाहीर खुलासा केला : वडील गेले तेव्हा मी जवळ होते, त्यांच्या कुठल्याच आजारपणात लेडी होप तिथे नव्हत्या.

डार्विनला कट्टर नास्तिक ठरवणारेही त्याच्यावर अन्यायच करतात. आपण देवाचं अस्तित्व नाकारणारे कधीच नव्हतो, आपल्याला फार तर अज्ञेयवादी म्हणता येईल, असं त्याने १८७९ सालच्या एका पत्रात लिहिलं आहे.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा त्याच्या पत्नीचा. एमा श्रद्धाळू होती. नवऱ्याला खरोखर उपरती झाली असती, तर ती तिने आनंदाने चारचौघांत सांगितली असती. घडलं उलटंच. डार्विनचं आत्मचरित्र छापायचं ठरलं, तेव्हा त्यातलं एक वाक्य गाळावं, असं तिने मुलाला, फ्रान्सिसला, कळवलं. लहानपणी मनावर बिंबलेला देव सोडणं हे माकडाने सापाची भीती सोडण्याइतकंच अवघड असावं, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. १८८७ च्या आवृत्तीत ते आलं नाही. धर्मावरचा इतरही बराच मजकूर गाळला गेला. हे सगळं जसंच्या तसं वाचायला मिळालं ते १९५८ साली, डार्विनची नात नोरा बार्लो हिने काढलेल्या आवृत्तीत.