सुचलेली ओळ

खुरपता खुरपता मनात एखादी ओळ येते. कुणाला ओवी सुचते, कुणाला भजनाची नवी चाल, कुणाला काम हलके करायची युक्ती. वाटते, घरी गेल्यावर सांगू. घरी जावे तर चूल, पोरे, गुरे वाट पाहत असतात. रात्री आठवू लागावे, तर ओळ गेलेली!

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येत. त्यांची आई वारून महिना झाला होता. एकदा भुईमूग खुरपताना त्यांना आईवर दोन ओळी सुचल्या. आई जशी हाक मारायची, तशीच हाक त्यांत होती. दुपारभर त्या गुणगुणत होत्या. परतताना वाटेत शेजारीण भेटली, पाण्याच्या पाळीवरून बोलणे झाले. घरी येऊन पाहतात तो ओळी नाहीत. वर्गात त्या म्हणाल्या, "गुरुजी, ओळी चांगल्या होत्या एवढंच ध्यानात हाय. काय होत्या, ते न्हाई."

आम्ही काय बोलणार? मावशींना लिहिता येत होते. पेन्सिल मात्र घरी फळीवर होती.

घोकलेला पाढा टिकतो, कारण तो शंभर वेळा म्हटलेला असतो. नवी ओळ एकदाच आलेली असते. मध्येच दुसरे बोलणे निघाले, की ती पुसली जाते.

जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. पुढे चौधरींच्या घरी दिल्या. तरुणपणीच नवरा वारला. त्यांना अक्षर येत नव्हते. घरात, शेतात राबता राबता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी त्यांतली काही कागदावर उतरवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या हातून त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. जी गाणी उतरवली, ती राहिली. बाकीची त्यांच्याबरोबरच गेली. ती किती होती, कोण सांगणार?

बहिणाबाईंना दुसऱ्याचा हात लागला. तुमचा हात तुमच्यापाशी आहे.

पेन्सिलीचा तुकडा दोऱ्याने भाकरीच्या पिशवीला बांधा. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू कागद म्हणून चालते. सगळे लिहीत बसू नका, नाहीतर मुकादम ओरडेल. ज्या शब्दावर ओळ फिरते तो शब्द आणि पुढचे दोन-तीन, एवढे पुरे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुकू द्या. आणि बोलीतला शब्द बदलून पुस्तकी करू नका. 'हाय' सुचले असेल तर 'हाय'च लिहा.

हात चिखलात असले तर शेजारच्या बाईला ओळ म्हणून दाखवा, तिच्याकडून म्हणवून घ्या. काही जणी पदराला गाठ मारतात. पण काहीतरी सुचले होते, एवढेच गाठ सांगते. काय, ते सांगत नाही.

रात्री चिठ्ठीवरचे वहीत उतरवा आणि तारीख घाला. चिठ्ठी धुण्यात जाते. आमच्याही गेल्या आहेत.

परवा मावशींनी आपली वही दाखवली. एका पानावर वर तारीख होती, खाली आईला मारलेली हाक, आणि मग अर्धे पान कोरे.

"हे कोरं का?" आम्ही विचारले.

"दुसरी ओळ यायची हाय अजून," मावशी म्हणाल्या, "तिला जागा ठिवलीय."