मनाचे ओझे आणि अजिंठ्याचे खांब

विद्यार्थिमित्रांनो, सहलीच्या निमित्ताने तुमच्यापैकी पुष्कळांनी अजिंठ्याची लेणी पाहिली असतील. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारख्या वाकलेल्या डोंगरात ती कोरलेली आहेत. पुन्हा गेलात तर चौथ्या लेण्यात थोडे थांबा. हा तेथील सर्वांत मोठा विहार. आत २८ खांब आहेत. ते बाहेरून आणून उभे केलेले नाहीत. काळा पाषाण खोदत जाताना कारागिरांनी तेवढा दगड जागच्या जागी राखून ठेवला. का बरे?

एक साधे गणित करू. समजा, छताचा २८०० टन भार या खांबांवर सारखा वाटला गेला आहे. मग प्रत्येक खांबावर १०० टन येतील. खांब सातच असते तर प्रत्येकावर ४०० टन आले असते. प्रत्यक्षात भिंतीही भार घेतात आणि वाटणी इतकी सारखी नसते; पण तत्त्व हेच. भार तोच असला तरी खांब टिकेल की तडकेल, हे तो भार किती जागी वाटला गेला आहे यावर अवलंबून असते.

हे तत्त्व आज आपल्याला एका वेगळ्याच प्रश्नाला लावून पाहावयाचे आहे. आत्महत्या कशा टाळता येतील, हा तो प्रश्न. हा शब्द निघाला की घरातली माणसे आवाज खाली आणतात. परंतु २०२२ साली भारतात १,७०,९२४ जणांचा मृत्यू आत्महत्येने झाला, अशी सरकारी नोंद आहे. त्यांत महाराष्ट्रातील २२,७४६ जण होते. देशभरातील विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४ होती. एखाद्या साथीने इतकी माणसे गेली असती तर ती साथ कशी रोखावी, हे आपण शाळेत शिकलो असतो. मग हेही शिकले पाहिजे.

वर्तमानपत्रात अनेकदा एकच कारण छापून येते: परीक्षेत अपयश, कर्ज, भांडण. अभ्यासकांचे म्हणणे असे की, एकटे कारण क्वचितच असते. नैराश्याचा आजार, घरची ओढाताण, अपमान, एकटेपणा अशी ओझी एकावर एक चढत जातात आणि ती सारी एकाच खांबावर येतात.

मग ओझे वाटून घेण्यासाठी त्या माणसाला विचारावे का? येथे अनेकांना एक शंका येते. ‘विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात भरायचा!’ शंका रास्त आहे; पण शास्त्रात शंकेचा निकाल प्रयोगाने लावतात. मॅडलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ६ शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांवर असा प्रयोग केला. विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. पहिल्या पाहणीत एका गटाला आत्महत्येच्या विचारांविषयी थेट प्रश्न विचारले, दुसऱ्याला विचारले नाहीत. दोन दिवसांनी दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारले. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विचारल्यामुळे असे विचार वाढले नव्हते. उलट, आधीपासून निराश असलेल्या मुलांपैकी ज्यांना विचारले होते, त्यांची अस्वस्थता कमी दिसली.

आपल्याकडचे उदाहरण पाहू. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यात प्रशिक्षण दिलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी मनाच्या आजाराविषयी बोलत, धीर देत आणि गरज असेल त्याला डॉक्टरांकडे नेत. २०१७ साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मागील वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. येथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे सारे श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही, हे लक्षात ठेवा. तरीही दिशा स्पष्ट आहे. अजिंठा ज्या मराठवाड्यात आहे तेथील आणि विदर्भातील मिळून १४ जिल्ह्यांत राज्य सरकारनेही शेतकरी कुटुंबांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात. विचारपूस हेच येथे पहिले साधन आहे.

खांब आणि माणूस यांत मोठा फरकही आहे. दगडाला गेलेला तडा आपोआप भरून येत नाही. मनाचे तसे नाही. जीव नकोसा वाटण्याची तीव्र वेळ बहुधा थोडा काळ टिकते आणि ओसरते. तेवढ्या काळात सोबत मिळाली आणि घरातील धोक्याच्या वस्तू मोठ्यांनी कुलपात ठेवल्या, तर माणूस वाचतो. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आपले आयुष्य जगतात.

आता तुम्ही काय करावे? एखादा मित्र किंवा मैत्रीण एकाएकी गप्प झाली, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागली, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलू लागली, तर ते थट्टेवारी नेऊ नका. एकांतात शांतपणे विचारा, ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नका, रागावू नका, फक्त ऐका. त्याला एकटे सोडू नका. आणि लगेच आई-वडील, शिक्षक किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असली तरी सांगा. ही शपथ मोडणे म्हणजे चहाडी नव्हे. सगळा भार तुम्ही एकट्याने पेलावा, अशी अपेक्षा कोणीही करीत नाही. तुम्हीही एकच खांब आहात.

असा विचार तुमच्याच मनात येत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. त्यात लाज नाही, गुन्हाही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला शिक्षेऐवजी उपचार व आधार देण्याचे ठरविले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तातडीचा धोका असेल तर ११२.

करून पाहा : वहीच्या शेवटच्या पानावर अशा पाच माणसांची नावे लिहा, ज्यांना तुम्ही अर्ध्या रात्रीही उठवू शकाल. आत्या, मामा, शिक्षक, शेजारच्या काकू, कोणीही चालेल. पाच भरली नाहीत तर खाली १४४१६ लिहा. मग आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : माझे नाव कोणाकोणाच्या यादीत असेल?