आधी हातात, मग वहीत

पालकांनो, मूल पहिलीत गेलं की आपण पाटीवर 5 + 3 मांडून त्याच्यापुढे ठेवतो. ते बोटं मोजायला लागलं की लगेच टोकतो, "बोटांवर नको, तोंडी सांग." आज मला तुमच्याशी त्या बोटांची बाजू घेऊन बोलायचं आहे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला 8 हा आकडा ओळखता येतो, पण आठ म्हणजे नेमके किती, हे त्याला अजून हाताने चाचपावं लागतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली आणि पानं, बिया, खडे, शिंपले हीच शिकवण्याची साधनं केली. आसनगाव, शहापूर, मुरबाडकडच्या घरांत चिंचोके आणि खडे आजही फुकट मिळतात.

8 + 5 घ्या. मूल आठ खडे मोजेल, मग पाच मोजेल, मग सगळे एकत्र करून पुन्हा एकपासून सुरू करेल. करू द्या. हे सरावाचं झालं की आठ खडे मुठीत झाका आणि म्हणा, "मुठीत आठ आहेत, आता पुढं मोज." ते नऊ, दहा करत तेरावर येईल. आणखी काही दिवसांनी दाखवा, पाचातले दोन आठाला दिले की दहा झाले, उरले तीन.

दहा कळला की दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा. 27 आणि 15 एकत्र केले की सुट्या काड्या बारा होतात. त्यांतल्या दहांचा नवा गठ्ठा बांधायचा, तोच हातचा. 42 मधून 17 द्यायचे आहेत आणि सुट्या दोनच आहेत, तर एक गठ्ठा सोडायचा. गठ्ठ्याचं रबर मुलालाच काढू द्या. उसना कुठून आला, हे मग त्याला वेगळं समजवावं लागत नाही.

हेच गठ्ठे आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतात. 'पस्तीस' म्हणताना पाचाचा आवाज आधी येतो, तिसाचा नंतर. म्हणून मूल 53 लिहितं. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशी वाचनाची जोड-पद्धत आली आणि मोठा वाद झाला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर तिची बाजू मांडत होत्या, ती मुलांची ही अडचण पाहूनच. तुम्ही कोणतीही पद्धत वापरा, पण रागावू नका. तीन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवा.

वजाबाकीत मुलं जास्त अडखळतात, कारण आपण तिला फक्त 'काढून घेणं' म्हणून शिकवतो. ताईकडे 9 बोरं, दादाकडे 6, तर ताईकडे किती जास्त? जेवायला माणसं 10, ताटं मांडली 7, अजून किती हवीत? इथं कुणी काहीच काढून घेत नाही, तरी दोन्ही वजाबाक्याच आहेत. असे प्रश्न रोज बोलता बोलता विचारा. लोकलमध्येही विचारा. आसनगावच्या पुढे आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी, कसारा अशी पाच स्टेशनं. खर्डी आलं, आता कसाऱ्यापर्यंत किती राहिली?

"आम्हीच शिकलेलो नाही, मुलाला काय शिकवणार?" असं तुमच्यापैकी काहीजणी म्हणतात. बाई, तुम्ही करवंदांचे वाटे मांडून विकता. 35 रुपये झाले आणि गिऱ्हाइकाने 50 ची नोट दिली, तर तुम्ही आधी पाच देता, "चाळीस", मग दहा देता, "पन्नास". तुम्ही वजाबाकी पुढे मोजून करता आणि ती अचूक असते. मुलाला शेजारी बसवा, सुटे पैसे त्याच्या हाताने देऊ द्या. वीटभट्टीवर जावं लागलं, शाळा तुटली, तरी एवढं शिकवणं तुमच्या हातात राहतं.

घाई मात्र करू नका. सरकारच्या निपुण भारत अभियानातही 99 पर्यंतच्या संख्यांच्या वजाबाकीची अपेक्षा दुसरीच्या मुलांकडून आहे. शेजारचं मूल पुढे गेलं म्हणून आपल्या मुलाला मारून, त्याच्याकडून घोकून घेऊन काही मिळत नाही. गणिताची भीती तेवढी मनात बसते आणि ती पुढे वर्षानुवर्षं निघत नाही.

एक सवय आजपासून लावा. उत्तर बरोबर आलं तरी आणि चुकलं तरी विचारा, "कसं काढलंस?" आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नका. त्याचं कुठं अडतंय ते तुम्हाला समजेल, आणि पुष्कळदा सांगता सांगता ते स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करेल.