भिंतीची ओल आणि छातीची घरघर

आपल्याकडे तळघर बांधण्याची रीत नाही. पण न खोदता तयार झालेली तळघरे मी मुलचेऱ्यात पाहिली आहेत. रस्त्यावर नवा मुरूम, नवी गिट्टी पडते, रस्ता वीतभर उंच होतो आणि बाजूचे घर तेवढेच खाली जाते. असे दोन-तीनदा झाले की उंबरठा नालीच्या पातळीला येतो आणि पावसाळ्याचे चार महिने भिंती जमिनीतले पाणी ओढत राहतात.

गेल्या आषाढात अशाच एका घरातून सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. रात्रभर खोकला, पहाटे छातीत घरघर. खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या संपल्या होत्या. आई सहज बोलून गेली, "मामाच्या गावी असला का बरा राहते जी, घरी आला का पुन्हा तेच." हे ऐकल्यावर मुलाइतकेच घरही तपासणे मला आवश्यक वाटले.

मुलाची बाज मागच्या खोलीत भिंतीला टेकून होती. भिंत मातीची, पण बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून ऑईल पेंट. बाज ओढली तर मागे कमरेइतकी ओल आणि काळी-हिरवी बुरशी. मातीच्या भिंतीत शिरलेले पाणी उघड्या सारवणातून हळूहळू उडून जाते. सिमेंट आणि पेंट यांनी ती वाट बंद होते. पक्के दिसावे म्हणून केलेला खर्च असा अंगावर येतो.

बुरशीचे बीजाणू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात व श्वासाबरोबर आत जातात. सर्वांनाच त्रास होतो असे नाही. परंतु ज्यांची प्रकृती दम्याची किंवा ॲलर्जीची आहे, त्यांच्या श्वासनलिका त्यामुळे आवळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिचा सांगावा साधा आहे: घरातली ओल हटवा.

भिंतीवरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. पांढरी भुकटी असेल तर थोडे पाणी लावून पाहा. विरघळली तर तो लोणा, म्हणजे जमिनीतून चढलेला क्षार. बुरशी विरघळत नाही, बोटाला फासली जाते आणि कुबट वास मारते. पाणी कुठून येते हे कळण्यासाठी भिंतीवर हातभर पन्नी चारही बाजूंनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावी. पन्नीच्या आतल्या बाजूला दव आले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला आले तर ते खोलीतल्याच हवेचे: आत वाळत घातलेले कपडे, चुलीवरची वाफ, बंद खिडक्या.

भिंतीतून येत असेल तर पेंटचा डबा विकत घेऊ नका. आधी कवेलू फेरावे, भिंतीलगतची नाली खोल करून उतार घराबाहेर द्यावा, भिंतीला लागलेला मातीचा ढीग काढावा, आणि जमल्यास खालचा सिमेंटचा गिलावा खरवडून तिथे मातीचे लिंपण करावे. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये, बीजाणू घरभर उडतात. नाकाला फडके बांधून साबणाच्या ओल्या कापडाने पुसावी. ब्लिचिंगने ती मरेल, पण मेलेल्या बुरशीचे कणही दमेकऱ्याला त्रास देतातच.

खिडक्या उघड्या ठेवा म्हटले की लोक डासांचे नाव काढतात, आणि आपल्या जिल्ह्यात हिवतापाची भीती खोटी नाही. तेव्हा ऊन असताना खिडक्या उघडाव्यात, तिन्हीसांजेला लावाव्यात, झोपताना मच्छरदाणी. दुसरी गोष्ट, हिवतापाची फवारणी झालेली भिंत अडीच-तीन महिने सारवू नये, औषध झाकले जाते. पुसणे-सारवणे फवारणीआधीच उरकावे.

एक इशारा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, बारीक ताप किंवा वजनात घट असली, तर ओलीला दोष देत बसू नका. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी करून घ्या, ती मोफत होते.

त्या मुलाची बाज आता पुढच्या कोरड्या खोलीत आहे. वडिलांनी नाली स्वतः खणली. घरघर पुष्कळ कमी झाली. श्वासातून औषध घेण्याचा पंप मात्र मी अजून बंद केलेला नाही.