कलाशिक्षण आणि शासन : दिल्लीतील विशेष शाळांचा अनुभव

शिक्षणावरील खर्च ही मानवी भांडवलातील गुंतवणूक होय, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. मात्र गणित, विज्ञान वा तंत्रशिक्षणाच्या बाबतीत जे तत्त्व सहज स्वीकारले जाते, तेच संगीत, नाट्य, नृत्य आणि चित्रकलेच्या बाबतीत मांडले की शंका उपस्थित होतात. व्यावसायिक कलावंत घडविणारी माध्यमिक शाळा शासनाने सार्वजनिक निधीतून का चालवावी? दिल्लीतील एका प्रयोगाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

कलाशिक्षणाच्या उच्चस्तरीय संस्थांची दिल्लीत वाण नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्याच परंपरेतील दिल्लीचे गांधर्व महाविद्यालय 1939 पासून कार्यरत आहे. कला महाविद्यालय 1942 मध्ये, तर राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 मध्ये सुरू झाले. 1979 मध्ये स्थापन झालेले सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र शिक्षकांना प्रशिक्षण आणि गुणवंत बालकलावंतांना शिष्यवृत्ती देते.

उणीव होती ती मधल्या दुव्याची. पदवी अथवा पदविका स्तरावरील प्रवेशासाठी जी तयारी लागते, ती चौदा ते अठरा या वयोगटात व्हावी लागते. ही तयारी बहुतांशी खासगी शिकवणीतून वा घरातील परंपरेतून होत आली आहे. ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नाही, त्यांची वाट शाळेपाशीच अडते.

दिल्लीचा प्रयोग

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न दिल्ली शासनाने 2021 मध्ये केला. विशेष उत्कृष्टता शाळांच्या योजनेत विज्ञान-तंत्रज्ञान-गणित, मानव्यविद्या, एकविसाव्या शतकातील उच्च कौशल्ये आणि प्रयोगीय व दृश्य कला अशी क्षेत्रे निश्चित करण्यात आली. पुढे या शाळांना डॉ. बी. आर. आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. अभियोग्यता चाचणीद्वारे प्रवेश, निम्म्या जागा शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी आणि 2021 मध्येच स्थापन झालेल्या दिल्ली शालेय शिक्षण मंडळाशी संलग्नता, ही योजनेची मूळ वैशिष्ट्ये होती. 2025 मधील सत्तांतरानंतर नव्या शासनाने 'सीएम श्री' शाळांची स्वतंत्र योजना पुढे आणली.

अशा शाळांची कल्पना जगाला नवी नाही. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांच्या पुढाकाराने 1936 मध्ये तेथे संगीत व कलेची सार्वजनिक माध्यमिक शाळा सुरू झाली. 1948 मध्ये स्थापन झालेली प्रयोगीय कलांची शाळा पुढे तिच्यात विलीन झाली आणि 1984 पासून दोन्ही एकाच इमारतीत आल्या. सामान्य शालेय विषय आणि कलेचे सखोल प्रशिक्षण एकाच छताखाली देणे, हे तिचे सूत्र होय.

अर्थशास्त्रीय समर्थन

शासकीय हस्तक्षेपाची तीन कारणे सांगता येतील. पहिले कारण भांडवल बाजारातील अपूर्णतेचे. भावी कौशल्य तारण ठेवून कर्ज मिळत नाही. कलावंताचे उत्पन्न अनिश्चित असल्याने ही अडचण अधिक तीव्र होते. परिणामी गुणवत्ता असूनही गरीब कुटुंब गुंतवणूक टाळते.

दुसरे कारण बाह्य लाभांचे. कलेचा लाभ केवळ तिकीट काढणाऱ्यास मिळत नाही. वारशाचे जतन, सामाजिक सलोखा, पर्यटन आणि माध्यम उद्योगास मिळणारे मनुष्यबळ हे लाभ समाजभर पसरतात. संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे संविधानाच्या अनुच्छेद 51क नुसार मूलभूत कर्तव्यही आहे.

तिसरे कारण खर्चाच्या स्वरूपाचे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी 1966 मध्ये दाखविले की, प्रयोगीय कलांमध्ये उत्पादकता फारशी वाढत नाही. चार वादकांची रचना वाजविण्यास आजही चारच वादक लागतात. इतर क्षेत्रांतील वेतनवाढीबरोबर कलेचा खर्च मात्र वाढत जातो. कलाशिक्षणालाही हे लागू पडते. एक गुरू एकाच वेळी साठ विद्यार्थ्यांचा स्वर सुधारू शकत नाही. म्हणूनच हे शिक्षण केवळ शुल्कावर सोडल्यास ते सामान्यांच्या आवाक्याबाहेर जाते.

समतेचा प्रश्न

येथेच या योजनेची खरी कसोटी लागते. अनुच्छेद 21क अन्वये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क 6 ते 14 वयोगटापुरता आहे. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 13 ने प्रवेशासाठी चाळणी लावण्यास मनाई केली आहे. तथापि त्या अधिनियमाचा रोख इयत्ता आठवीपर्यंतच्या शिक्षणावर आहे. नववीपासून सुरू होणारी निवडप्रक्रिया या संरक्षणाच्या सीमेवर उभी राहते.

चाचणी नेमके काय मोजते, हा कळीचा मुद्दा आहे. आठ वर्षे शिकवणी घेतलेल्या मुलीचा सफाईदार आलाप आणि कधीच गुरू न लाभलेल्या मुलाची तीव्र स्वरजाण यांत परीक्षकाने पहिल्यासच गुण दिले, तर सार्वजनिक निधी आधीच संपन्न असलेल्यांकडे वळेल. राखीव जागा हा त्यावरील एक उपाय होय. पण तो पुरेसा नाही. चाचणीत तयारीपेक्षा ग्रहणक्षमता जोखणे आणि सहावीपासून सर्वच शासकीय शाळांत कलाशिक्षक नेमणे आवश्यक आहे. थोड्या विशेष शाळांचे शिखर उभारताना सर्वसामान्य शाळांतील कलेचा तास रिकामा राहिला, तर पाया नसलेले शिखर टिकणार नाही.

धोरणात्मक दिशा

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, 2005 ने कलेला दहावीपर्यंत अभ्यासविषयाचे स्थान देण्याचा आग्रह धरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 ने कला व विज्ञान, तसेच अभ्यासक्रम व अभ्यासेतर उपक्रम यांतील कठोर भिंती नाकारल्या. 2015 पासून होणारा कला उत्सव माध्यमिक विद्यार्थ्यांना राष्ट्रीय व्यासपीठ देतो. महाराष्ट्रात चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांनी ग्रामीण शाळांपर्यंत कलेचे मूल्यमापन पोहोचविले. तथापि परीक्षा वा स्पर्धा ही दैनंदिन प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

दिल्लीच्या अनुभवातून आणखी एक बोध मिळतो. कलावंत घडण्यास दशक लागते, शासनाची मुदत मात्र पाच वर्षांची असते. योजनेचे नाव वा मंडळ बदलले तरी नववीत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचा गुरू, वाद्य आणि वर्गखोली बदलू नये, याची हमी संस्थात्मक रचनेतून मिळाली पाहिजे. शिक्षण हा 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीतील विषय असल्याने ही जबाबदारी केंद्र व राज्य या दोहोंची आहे. प्रतिभा जन्मतः सर्व स्तरांत आढळते. संधी मात्र तशी वाटली जात नाही. हे अंतर कमी करणे, हेच सार्वजनिक कलाशिक्षणाचे प्रयोजन होय.

स्वाध्याय

1. प्रयोगीय कलांच्या शिक्षणात खर्चवाढीची समस्या का उद्भवते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
2. "निवडक उत्कृष्टता आणि शैक्षणिक समता ही परस्परविरोधी उद्दिष्टे आहेत." या विधानाची चिकित्सा करा.