न्हाणीघरातली डबी

बोदवड,
२ मे

चि. मनू हिस,


परवा तू जळगावला परत गेलीस आणि न्हाणीघराच्या कोनाड्यात एक पांढरी डबी विसरलीस. मी ती उघडून पाहिली. मास्तरीण होते, न विचारता वह्या उघडायची सवय जात नाही. डबीवर एका गोऱ्या बाईचं चित्र आहे. कुणी बनवली, परवाना क्रमांक काय, आत काय काय घातलंय, यातलं एक अक्षरही नाही. ताईला फोन केला तर म्हणाली, "स्कूटीवर कॉलेजला जाऊन पोरगी काळवंडली, दिवाळीला पाहुणे येणार, म्हणून पार्लरवालीनं टॅन काढायला दिलीय."

आधी हा टॅन म्हणजे काय ते ऐक. ऊन कातडीच्या पेशीत शिरलं की आतल्या केंद्रकाला इजा करतं. मग कातडी मेलॅनिन नावाचा रंग जास्त बनवते आणि त्याचे कण केंद्रकाच्या डोक्यावर अक्षरशः टोपीसारखे जमतात. म्हणजे काळवंडणं हा मळ नव्हे. पेशीनं उन्हात उघडलेली छत्री आहे ती, आणि तुझी ही डबी नेमकी तीच छत्री हिसकावते.

कशी, ते सांगते. पारा असला तर मेलॅनिन बनवणारं विकरच अडतं. आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, आपण दुसरी डबी घेतो. पण कातडीवर चोळलेला पारा कातडीवरच थांबत नाही, रक्तातून मूत्रपिंडात जातो. आपल्या याच रेल्वेलाइनवर, मलकापूर-शेगावच्या पुढे अकोला आहे ना, तिथली कॉलेजात शिकणारी एक मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघी एकच गोरेपणाची क्रीम लावत होत्या. २०२२ साली तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लावला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. आपल्याकडे साध्या क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. पण ज्या डबीवर नावच नाही, तिच्यावर कायदा चालवायचा कुणी?

पारा नसला तर स्टेरॉइड असू शकतं. त्यानं आधी तुकतुकी येते, मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, ओठावर लव येते. परवा तू चुलीपाशी बसलीस तर गाल पेटल्यासारखे लाल झाले होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

तुला हसायला येईल, पण तुझा दादा मँचेस्टरला राहतो तिथे पोरी काळवंडायला पैसे मोजतात. दिव्यांच्या पेटीत झोपतात! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००९ साली या दिव्यांना तंबाखूच्या पंक्तीला बसवलं, आणि ऑस्ट्रेलियात तर त्यांची दुकानंच बंद केली. तिकडचे डॉक्टर सांगतात, एवढी हौस असेल तर रंगाचा लेप लावा. तो वरच्या मेलेल्या थरालाच चढतो, आठवड्याभरात उतरतो. उन्हापासून मात्र राखत नाही. आपल्याकडे तसा निर्धोक लेप गोरं व्हायला नाही. शोधूही नकोस.

घरगुती म्हणून लिंबूही नको. लग्नाआधी मी चेहऱ्याला लिंबू चोळून गच्चीवर बिबडे राखत बसले होते. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते, हे तेव्हा कुठे माहीत! फोड आले, आणि नंतरचे काळे डाग कितीतरी महिने गेले नाहीत. लग्नाच्या फोटोत मी मान वळवून का उभी आहे, ते आता कळलं असेल.

उन्हानं आलेला रंग आपोआप उतरतो. वरची कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, फक्त त्या काळात तिला पुन्हा भाजू द्यायचं नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात आणि डोक्याला फडकं बांधतात. त्याहून स्वस्त औषध मला ठाऊक नाही. सनस्क्रीन घेणार असशील तर एसपीएफ ३० किंवा वरचं, नाव-पत्ता छापलेलं घे. चेहऱ्या-मानेला दोन बोटं भरून लाव, टिकलीएवढं नको, आणि उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. शक्यतो अकरा ते चार स्कूटी काढू नकोस.

तुझ्या रूमवर तसली दुसरी डबी असेल तर आजपासून लावणं बंद कर, पण फेकू नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी जळगावला येते. कातडीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ही डबी, आणि दुसरी असली तर तीही, त्यांच्यासमोर ठेवू आणि लघवीची तपासणीही करून घेऊ. लघवीला फेस येतो का, सकाळी डोळे सुजतात का, मला खरं खरं कळव. ताईला मी सांभाळते. पाहुण्यांचं काय सांगायचं ते भाऊजींशी बोलेन.

तुझ्या काकांच्या दोन जुन्या शर्टांच्या बाह्या कापून, इलास्टिक घालून शिवल्या आहेत. स्कूटीवर घालायला. एक निळी, एक चौकड्याची. जोडी जमत नाही म्हणून कुरकुर करू नकोस.

तुझी,
मावशी